उलट्या पायाची

तिची ओळख करून द्यायची खरी, पण आधीच सांगून ठेवतो, ती वर्षभर भेटत नाही. पोळा झाला की दिसायला लागते आणि घरोघर दिवाळीच्या चकल्या तळायला घेतल्या की गायब होते. जन्म, नटणं, रुसणं, प्रवास, पराभव असं सगळं ती या आठ-दहा आठवड्यांत उरकते. उरलेलं वर्ष जिमखान्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात पडून असते. कपाटाचं दार एका बाजूनं निखळलेलं आहे, त्यामुळे ते उघडताना उचलून धरावं लागतं. आत दोन चेंडू, एक पंप, उंदरांनी आपल्या सोयीनं भोकं मोठी करून घेतलेलं जाळं, पाच जोड बूट आणि चौदा जर्सी.

जर्सी मुळात पंधरा होत्या. सहा नंबरची एकानं धुवायला म्हणून घरी नेली. पुढं ती गोकुंद्याच्या रस्त्याला कपाशीवर फवारणी करणाऱ्या एका गृहस्थांच्या अंगावर बऱ्याच जणांनी पाहिली. मागायला कुणी गेलं नाही. तेव्हापासून हिच्यात पाचानंतर एकदम सात येतो.

तर ही किनवटच्या एका कॉलेजची फुटबॉल टीम. कॉलेजचं नाव सांगत नाही, ती लाजते.

घरात तिचं स्थान काय, ते सांगायला हवं. कबड्डी ही थोरली. तिला मान आहे, मॅट आहे, गावोगावच्या जत्रांतून आणलेल्या ढाली आहेत. क्रिकेट म्हणजे जावई. करत काही नाही, पण आला की सगळे उठून जागा देतात. व्हॉलीबॉलला संध्याकाळी नोकरदार मंडळींची सोबत असते. आणि ही आमची, कुणाच्या तरी लग्नाला म्हणून आलेली आणि मग राहूनच गेलेली लांबची पाहुणी. तिला जा म्हणत नाहीत, पण ताटही तिच्यासाठी वेगळं वाढत नाहीत.

मैदान सगळ्यांचं एकच. भल्या पहाटे ते पोलीस भरतीवाल्यांचं. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक मिळून पन्नास मार्क, आणि त्या पन्नासावर अख्ख्या तालुक्यातली पोरं डोळा ठेवून असतात. हिचे दोन सगळ्यांत वेगवान खेळाडू खरं तर भरतीचेच उमेदवार. ते फुटबॉल खेळतात ते दम वाढावा म्हणून. चेंडू पायात असताना एकानं मनगटावरच्या घड्याळात वेळ बघितलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. सकाळी नऊनंतर मैदान म्हशींचं. दुपारी कुणाचंच नाही. चार वाजता हिची पाळी येते तेव्हा मैदानावर दिवसभराच्या खुणा असतात, आणि खाली पडताना कुठं पडायचं याचा विचार करूनच पडावं लागतं.

मातीही समजून घ्या. काळी, कपाशीची. किनवट-माहूरचा पाऊस मराठवाड्याच्या मानानं भरपूर, वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास. पाऊस पडला की ही माती बुटाला अशी धरते की एकेका पायाला दोन-दोन किलो वजन होतं. फुटबॉल नियमानं ४१० ते ४५० ग्रॅमचा असावा. आमच्याकडचा सप्टेंबरात किती भरतो ते किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा बघायचं ठरलं होतं, पण दुकानदारानं चिखलाचा चेंडू काट्यावर ठेवू दिला नाही. अशा रेंद्यात मात्र ही वाघीण असते. घसरते, उठते, पुन्हा घसरते आणि वर हसते. नांदेडच्या टणक, वाळलेल्या मैदानावर तिला उतरवा. लगेच तिची सासरी आलेली नवी नवरी होते.

तिचा सगळ्यांत मोठा दोष उंच मारण्याचा. याचं मूळ गोलपोस्टात आहे. नियमाप्रमाणे गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. हिच्या मैदानावर रुंदी आठ पावलं होती, तीही पावलं कुणाची यावर. दोन्ही टोकांना बांबू, आणि वर काही नाही. आडवी दांडीच नाही म्हटल्यावर बांबूंच्या मधून गेलेला प्रत्येक चेंडू गोल, मग तो डोक्यावरून जावो की लिंबाच्या शेंड्यावरून. अशी वर्षं गेली. पुढं नांदेडला जाऊन तिनं नेमाने दांडीच्या वरून चेंडू मारले आणि दर वेळी हात वर करून गोल झाल्यासारखी नाचली. रेफ्री गोलकिक देतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो फसवल्या गेलेल्या माणसाचा असतो.

ऑफसाईडवर तर तिचा विश्वासच नाही. तो शहरातल्या कॉलेजांनी मिळून रचलेला कट आहे असं तिचं मत. एकदा चहाच्या टपरीवर ग्लास मांडून तिला ते समजावण्यात आलं. पास निघतो त्या क्षणी पुढच्या माणसाच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरचे किमान दोघं हवेत. १९२५ पर्यंत तर तिघं लागायचे. तिचा सेंटर फॉरवर्ड ग्लासांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘म्हणजे आधी याहून वाईट होतं?’’ त्यानंतर त्यानं तो चहा पिऊन टाकला, त्यामुळे गोलकीपरच राहिला नाही.

दिसायला ती सुमार, पण नखरा बघा. दहा नंबरच्या जर्सीचे चार दावेदार आहेत आणि सातचे तीन. दोन नंबर कुणालाच नको असतो. पहिल्या सरावाच्या आधी जर्सी वाटपाची बैठक होते ती सरावापेक्षा लांबते. केसांना जेल लावून चिखलात उतरणारी दुसरी जमात मला माहीत नाही. कोल्हापूरच्या चुलत बहिणींचे व्हिडिओ ती मोबाईलवर बघते. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस. शाहू स्टेडियमवरची ती हजारोंची गर्दी, पेठापेठांचे ते झेंडे. बघून झालं की एक मोठा उसासा सोडते आणि आपल्या प्रेक्षकांकडे नजर टाकते. रोजची सात माणसं आणि एक म्हैस. म्हैस जास्त नेमाने येते.

तिच्या जिभेबद्दल सांगितलं नाही तर ओळख अपुरी राहील. तिला पाच भाषा येतात. गोलकीपर तांड्यावरचा, तो अडचणीत आला की गोरमाटीत ओरडतो. दोन्ही बॅक तेलुगूत उत्तर देतात. मधल्या फळीत दखनी चालते, डावीकडे दोघं गोंडीत कुजबुजतात, आणि भांडणं मात्र सगळी मराठीत. ‘‘पास दे बे!’’ आणि ‘‘काहून मारला बे तिकडं?’’ या दोन वाक्यांवर साठ मिनिटं निघतात. बाहेरच्या टीमांना वाटतं यांची काहीतरी गुप्त खुणांची भाषा आहे. ती तसा समज होऊ देते.

या पोरांच्या पायाला चेंडू पहिल्यांदा लागला तो बहुतेकांना आठवतो, कारण ती तारीख सरकारनंच ठरवून दिली होती. १५ सप्टेंबर २०१७. ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात व्हायचा होता, नवी मुंबईलाही सामने होते, म्हणून राज्यभरात एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा असा घाट घातला गेला. शाळाशाळांत नवे चेंडू वाटले गेले. आश्रमशाळेत शिकलेला हिचा लेफ्ट बॅक सांगतो, त्या दिवशी चेंडू एक आणि पोरं दीडशे. त्याच्या वाट्याला एकच किक आली. ती त्यानं इतकी जोरात मारली की चेंडू कुंपणापलीकडं बाभळीत गेला. त्यापुढं तो चेंडू त्याला दिला नाही. आठवीपासूनचा हा राग तो अजून काढतो आहे, आणि समोरच्या विंगरला त्याचं कारण कळत नाही.

तिचा सीझन म्हणजे काय, हेही विचारून घ्या. वर्तमानपत्रात सीझन वाचला की डोळ्यांसमोर महिनोन्‌महिने येतात. हिचा सीझन एका दिवसाचा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीच्या. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, चार जिल्ह्यांतून कॉलेजं येतात. हरला की घरी. पहाटेची गाडी पकडायची, इस्लापूर, हिमायतनगर, भोकर करत नांदेडला पोचायचं, पाच-सहा गोल खायचे, टीए-डीएच्या कागदावर सह्या करायच्या आणि रात्री परत. कित्येक वर्षं तिला दुसरा सामना म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायचं म्हणजे लोक कपडे कधी धुतात, असा प्रश्न एकानं खरोखर विचारला होता.

मग नवे कोच आले.

आले म्हणजे तासिका तत्त्वावर. तास वर्गातले मोजले जातात, मैदानातले नाहीत, हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळलं असणार. पण ते चार वाजता मैदानात असायचेच. आदिलाबादकडचे. त्यांच्या घरी मराठी, शाळा तेलुगू, शारीरिक शिक्षणाचं शिक्षण हैदराबादला. बारीक अंगाचे, मितभाषी, आणि शिट्टी असूनही न वाजवणारे. त्यांच्या आधी जे होऊन गेले त्यांची शिट्टी लिंबाच्या सावलीतून सतत यायची, त्यामुळे पोरांना सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

पहिले दोन दिवस त्यांनी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी कपाट उचलून उघडलं, पाचही जोड बूट गोणपाटात भरले आणि बाजारातल्या बूट शिवणाऱ्या काकांकडं नेले. काकांनी गोणी रिकामी केली आणि न बघताच पाच बूट बाजूला काढून पाच परत केले. ‘‘हे कशाला आणले? कॉलेजचे नेहमी उजवेच फाटतात.’’

कोचनी ते पाच डावे बूट हातात घेऊन पाहिले. टाचा झिजलेल्या होत्या, पण पुढचा भाग जवळपास नवा. शिवण जशीच्या तशी, कातड्याला सुरकुतीही नाही. उजवे मात्र अंगठ्याच्या अंगाला उसवून, शिवून, पुन्हा उसवून गेलेले. सगळी टीम एका पायावर उभी होती, आणि ते त्या बुटांवर लिहिलेलं होतं. आधीच्या कुणाला दिसलं नाही असं नाही. काकांना तर वर्षानुवर्षं दिसत होतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोच म्हणाले, ‘‘आजपासून उलट्या पायानं खेळायचं.’’

पोरं हसू आवरेनात. दखनीतला ‘उल्टा पाँव’ म्हणजे साधा डावा पाय, पण उलटे पाय कुणाचे असतात हे इकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. हडळीचे. बातमी मैदानभर झाली, कबड्डीवाल्यांनी त्याच संध्याकाळी हिचं बारसं केलं, आणि तेव्हापासून कॉलेजात हिला हडळ म्हणतात. तिला राग यायला हवा होता. उलट ती खूश झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी नाव ठेवलं होतं.

नुसतं सांगून उजवा पाय थांबेना. तो सवयीचा. डोकं ‘डावा’ म्हणेपर्यंत उजवा मारून मोकळा व्हायचा. मग कोचनी सगळ्यांच्या उजव्या पायात रबरी स्लीपर चढवली. डाव्या पायात पाच जणांना बूट, बाकीच्यांना कॅनव्हासचे बूट नाहीतर अनवाणी. आता कुणी सवयीनं उजव्यानं मारलं की चेंडू जागेवर आणि स्लीपर हवेत. पहिल्या संध्याकाळी आकाशात इतक्या स्लीपरा उडाल्या की रस्त्यावरून जाणारे सायकली थांबवून बघत उभे राहिले. एकाची स्लीपर सरळ बांबूंच्या मधून गेली. तिच्या मूळ स्वभावाला अनुसरून अर्धी टीम गोल, गोल म्हणून ओरडली आणि उरलेली अर्धी, स्लीपर ऑफसाईड होती का, यावर भांडली.

हा प्रकार कोचच्या मनचा नव्हता, आणि तो कुठून आला हे त्यांनी एका पावसाच्या दिवशी, सराव बुडाला तेव्हा जिमखान्यात बसून सांगितलं. हैदराबादला सय्यद अब्दुल रहीम म्हणून होते. पेशानं शाळामास्तर. १९५० ते १९६३ भारताचे कोच. १९५१ साली दिल्लीला आणि १९६२ साली जकार्त्याला आशियाई सुवर्ण, मध्ये १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा नंबर. अलीकडं त्यांच्यावर अजय देवगणचा ‘मैदान’ही आला. तर हे रहीमसाहेब हैदराबादेत अशा स्पर्धा भरवायचे की ज्यात फक्त कमजोर पायानंच मारायचं. ड्रिबलिंग बंद असलेल्याही स्पर्धा घ्यायचे. पाय आणि डोकं दोन्ही दुसरीकडून वापरायला लावायचे.

आणि हैदराबाद म्हणजे काही परकं नाही, असं कोच म्हणाले. किनवट तर निजामाच्या राज्यात होतं, आदिलाबाद जिल्ह्यात. राज्य पुनर्रचनेत, १ नोव्हेंबर १९५६ ला, तालुका तिकडून निघून नांदेडला जोडला गेला आणि मुंबई राज्यात आला. बरोब्बर एका महिन्यानं, १ डिसेंबरला, रहीमसाहेबांच्या पोरांनी मेलबर्नला ऑस्ट्रेलियाला ४-२ नं हरवलं. त्या टीममध्ये हैदराबादचे बरेच होते. तीन गोल मात्र नेव्हिल डिसोझाचे, तो गोव्याच्या घरातला, मुंबईचा. हे ऐकून जिमखान्यात मिनिटभर शांतता पसरली. मग सेंटर फॉरवर्ड म्हणाला, ‘‘म्हणजे सर, अजून महिनाभर थांबलो असतो तर ते आपलेच होते.’’

तिची ऐट त्या दिवसापासून वाढली. आपण कुणी लांबच्या पाहुण्या नाही, आपलं माहेर मोठं आहे, असं ती कबड्डीला ऐकवू लागली. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी जेमतेम २-१ नं हरले, हेही तिला कळलं. त्यावर अनवाणी गटातल्या सहा जणांनी बूटवाल्या पाचांना दोन दिवस पाण्यात पाहिलं. शेवटी रेफ्रींच्या नियमात आता पायात काहीतरी हवंच असतं असं कोचनी सांगितलं तेव्हा कुठं भांडण मिटलं.

सगळ्यांचे डावे पाय मठ्ठ होते, एकाचा सोडून. राखीव खेळाडूंत बसणारा, कमी बोलणारा, गोंडवस्तीतला पोरगा. त्याला कुठला पाय उजवा हेच जणू माहीत नव्हतं; जो जवळ असेल त्यानं मारायचा. कोचनी विचारलं, कुठं शिकलास? तो म्हणाला, कुठं नाही. मग दोन दिवसांनी आपणच सांगितलं, दंडारीत नाचतो. दिवाळीच्या सुमाराला गावोगाव दंडार निघते, मोरपिसांचे मोठे टोप घालून घुसाडी नाचतात, रात्र रात्र. ढोलावर वजन या पायावरून त्या पायावर जातं, आणि एका पायावर अडून राहिला तर मागचा अंगावर येऊन पडतो. कोच त्याला म्हणाले, ‘‘मग तू यांना शिकव.’’ त्या संध्याकाळी हिनं फुटबॉल खेळला नाही. सोळा पोरं गोल धरून मैदानात नाचली, तोंडानंच ढोल वाजवत. म्हैस निघून गेली.

कोचनी आणखी एकच गोष्ट केली. दोन्ही बांबूंना २.४४ मीटरवर सुतळी बांधली आणि तिला जुन्या ओढणीच्या चिंध्या लटकवल्या. वरून गेलेला आता गोल नाही. आठवडाभर ती फार दुःखी होती.

सप्टेंबर संपला आणि नेहमीचे रोग सुरू झाले. सेंटर हाफ येईना. फोन केला तर ‘‘सर, सोयाबीन काढायलो’’. कोच ओरडले नाहीत. रविवारी दोघा-तिघांना घेऊन त्याच्या शेतावर गेले आणि पाऊसपाण्याच्या आत दीड एकर काढून दिलं. सोमवारी तो आला, आणि त्यानं येताना बापाच्या सायकलच्या दोन जुन्या ट्यूब आणल्या, मोज्यांना वर बांधायला. शिनगार्ड असेच तयार झाले होते : पाच लिटरच्या तेलाच्या डब्याचं पांढरं प्लास्टिक कापून, कडा मेणबत्तीवर गोल करून. एकाच्या नडगीवर कंपनीच्या शेंगदाण्यांचं चित्र तसंच राहिलं होतं.

नांदेडला पोचल्यावर सकाळी पहिला सामना. समोरची टीम आलीच नाही. त्यांच्या कागदांची काहीतरी गडबड होती म्हणे. रेफ्रींनी वाट पाहिली, घड्याळ पाहिलं, शिट्टी वाजवली आणि ही पुढच्या फेरीत गेली. न खेळता. इतक्या वर्षांतला तिचा हा पहिला विजय. तिनं तो मनापासून साजरा केला. खऱ्या, आडव्या दांडीच्या गोलपोस्टाला हात लावून सगळ्यांनी फोटो काढले. दहा मिनिटांत किनवटभर स्टेटस फिरले, ‘दुसऱ्या फेरीत दणदणीत प्रवेश’. स्टाफरूममध्ये पाव किलो पेढे आले. दणदणीत म्हणजे किती, असं कुणी विचारलं नाही, हा किनवटचा चांगुलपणा.

दुपारचा सामना शहरातल्या एका तयार टीमशी. त्यांचे कपडे एकसारखे, मोजे गुडघ्यापर्यंत, आणि बाहेर पाण्याच्या बाटल्यांचा वेगळा खोका. रेफ्रींनी आत सोडण्याआधी एकेकाच्या नडगीवर बोटानं टकटक केलं. शेंगदाण्यापाशी ते क्षणभर थांबले, मान हलवली आणि पुढं गेले.

पहिल्या वीस मिनिटांत एक गोल खाल्ला. ठरल्याप्रमाणे ती टणक मैदानावर चाचपडत होती. मग मध्यंतराच्या जरा आधी आभाळ भरून आलं आणि दहा मिनिटं धो धो कोसळलं. पलीकडच्या टीमनं बुटांकडं पाहिलं. हिच्या पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि ही हसली. त्यानंतरचा खेळ मी वर्णन करून सांगितला तर अतिशयोक्ती वाटेल, म्हणून एवढंच सांगतो. डावीकडच्या टोकाला तो दंडारवाला पोरगा होता. त्याच्यासमोरचा बॅक त्याला उजव्या पायावर येऊ द्यायचा नाही या बेतानं उभा, वजन सगळं एका बाजूला टाकून. पोरानं एक पाऊल तिकडं टाकलं. बॅक कलला. पोरगा त्या पावलावरून या पावलावर आला, जसा रोज येतो तसा, आणि डाव्यानं मारला. खाली, चिखलातून सरपटत, लांबच्या खांबाच्या आत. वरून नाही.

गोलकीपरनं गोरमाटीत आरोळी ठोकली. बॅक दोघांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं. रेफ्री मध्यरेषेकडं हात दाखवून चालू लागले तरी हिला खरं वाटेना. पोरं सुतळी शोधत होती बहुतेक.

१-१. मग पेनल्टी. अकरा मीटर, समोर फक्त एक माणूस. कोचनी पाचही जणांना एकच सांगितलं : आता सुलट्या पायानं मारा, घरच्यासारखं. चौघांनी मारले, तीन लागले. पलीकडचे चार. पाचवा आमचा कॅप्टन. किनवटमधला सगळ्यांत जोरकस उजवा पाय याचा, दहा नंबरचा अखेरचा विजेता दावेदार. तो धावत आला, आणि धावता धावता कुठंतरी मध्येच त्याचे पाय बदलले. दीड महिन्याची सवय. चेंडू डाव्यानं गेला, खांबाला लागला, आणि त्याचा ‘टण्’ असा आवाज आला. बांबूला लागल्यावर असा आवाज येत नाही. तो खांबाकडं बघत उभा राहिला. मग वळून त्यानं कोचकडं पाहिलं, तर कोच तोंडावर हात धरून हसत होते. आवरत नव्हतं त्यांना.

कुणी रडलं नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. गोलकीपर भोकरपर्यंत रडला. हिमायतनगर आलं तेव्हा भाकरी सोडली, ठेचा वाटला आणि तिसरी पेनल्टी उजवीकडं उडी मारली असती तर कशी अडवता आली असती हे बसून दाखवायच्या नादात वरच्या बर्थवर डोकं आपटून घेतलं. सहस्रकुंडाच्या पुढं भांडण सुरू झालं. पुढच्या वर्षी दहा नंबर कुणाला, यावर. किनवटला उतरेपर्यंत मिटलं नव्हतं.

दोन दिवसांनी जर्सी धुऊन कपाटात गेल्या. चौदाच. जाळ्याचा उंदरांनी पुन्हा ताबा घेतला. दंडारवाला पोरगा मोरपिसांच्या मागं गेला, सेंटर हाफ कापसात, वेगवान दोघं सोळाशे मीटरवर. म्हैस तेवढी चार वाजता नेमाने येत होती.

कोचनी बूट गोणपाटात भरले आणि बाजारात नेले. काकांनी गोणी उपडी केली, सवयीनं पाच उचलून बाजूला ठेवले, पाच परत करायला हातात घेतले, आणि थांबले. एक उलटून पाहिला. अंगठ्यापाशी शिवण गेलेली. दुसरा पाहिला. मग पाचही डावे आपल्या फडक्यावर ओळीनं मांडले, आरी खाली ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं, ‘‘सर, या साली कुणी दुसरीच टीम आणली का?’’